मोडलेल्या प्रवाळाची शुश्रूषा
(इयत्ता सातवी : सामान्य विज्ञानाचा एक नमुना पाठ)

कोकणची शैक्षणिक सहल आटोपून मुले परतली, की शाळेच्या कपाटात काही नव्या वस्तूंची भर पडते. शंख येतात, शिंपले येतात, रंगीत वाळू येते. एखाद्या मुलाच्या खिशातून पांढरा, खडबडीत, बारीक भोकांचा तुकडा निघतो आणि "गुरुजी, हा दगड आहे की हाड?" असा प्रश्न वर्गात उभा राहतो. क्वचित एखादा धीट विद्यार्थी ओहोटीच्या वेळी खडकावरील जिवंत तुकडा मोडून समुद्राच्या पाण्यासह बाटलीत भरून आणतो. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, तुकड्यावर बुळबुळीत थर चढतो आणि दुर्गंधी सुटते. मुलगा कावराबावरा होऊन विचारतो, "हे बरे होईल का?"

हा प्रश्न शिक्षकाने झिडकारू नये. "टाकून दे ते घाण पाणी" असे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या हातून एक उत्तम पाठ निसटतो, आणि मुलाच्या मनात नुकताच जागा झालेला दयाभाव कोमेजतो. तो तुकडा म्हणजे प्रवाळ. त्याचे काय बिघडले, ते कसे सुधारू शकले असते आणि आता त्याच्या बाबतीत काय करणे उचित, याचे सरळ उत्तर विद्यार्थ्यांना मिळाले पाहिजे. भिवंडी तालुक्यातील शिक्षकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. येथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत, मुंबईच्या वरळी व हाजी अली येथील खडकांवर, प्रवाळांच्या वसाहती आढळलेल्या आहेत.

पाठाचा उद्देश

प्रवाळ हा प्राणी आहे हे विद्यार्थ्यांस समजावे. सजीव व त्याचे परिसर यांमधील संबंध त्यांनी उदाहरणाने जाणावा. शुश्रूषेत निरीक्षण, मोजमाप व संयम यांचे स्थान कोणते ते त्यांच्या ध्यानी यावे. आणि निसर्गातील वस्तू घरी आणण्यापूर्वी विचार करण्याची सवय त्यांना लागावी, असे चार उद्देश शिक्षकाने टाचणात नोंदवावेत.

विषयप्रवेश

आरंभी पोवळ्याचा विषय काढावा. नवरत्नांतील पोवळे मुलांनी अंगठीत किंवा माळेत पाहिलेले असते. पोवळे म्हणजेच प्रवाळ. ते खाणीतून निघत नाही, समुद्रातून निघते, एवढे सांगताच मुलांचे कुतूहल वाढते. प्रवाळ ही वनस्पती आहे असेच विद्वानही दीर्घकाळ समजत होते. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने ते प्राणी असल्याचे सांगितले, तेव्हा मोठमोठ्या पंडितांनी त्याचे म्हणणे मानले नाही. ही हकीकत अवश्य सांगावी. नीट पाहणाऱ्याचे म्हणणे आधी नाकारले गेले तरी शेवटी टिकते, हा बोध त्यातून आपोआप होतो.

विवेचन : प्रवाळाची रचना

प्रवाळाची वसाहत अनेक सूक्ष्म जीवांची बनलेली असते. प्रत्येक जीव लहानशा पिशवीसारखा असतो. पिशवीचे तोंड वर असून तोंडाभोवती शुंडकांचे कडे असते. पाण्यातून वाहत येणारे सूक्ष्म प्राणी तो या शुंडकांनी पकडतो. पिशवीच्या तळाशी तो चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, कठीण घर बांधतो. शेजारी-शेजारी अशी हजारो घरे उभी राहिली, की वसाहत तयार होते. मुलाने खिशातून काढलेला पांढरा तुकडा म्हणजे रहिवासी निघून गेलेली ती चाळच होय.

खडक रचणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्याचा मोठा भाग प्रवाळास देते. प्रवाळ शैवालास आसरा व पोषक द्रव्ये पुरवितो. प्रवाळाचा रंगही पुष्कळसा या शैवालामुळेच असतो. यास सहजीवन म्हणतात. दोघांपैकी एकाचे बिनसले, की दुसऱ्याचा संसार मोडतो.

अशा प्रवाळास स्वच्छ, उबदार, खारट व प्रकाश पोचणारे पाणी लागते. खाडीच्या गढूळ व निमखाऱ्या पाण्यात त्याचे खडक तयार होत नाहीत. कामवारी नदी ज्या खाडीस मिळते तेथे प्रवाळाचे बेट का नाही, याचे उत्तर खाडीकाठच्या गावांतील मुले स्वतःच देऊ शकतील. मुंबईच्या किनाऱ्यावरील काही जाती मात्र गाळ सोसणाऱ्या आहेत. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरांवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. तेथेही प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे.

प्रवाळास होणाऱ्या इजा

इजेचे तीन प्रकार फळ्यावर लिहावेत.

पहिला प्रकार मोडतोडीचा. नांगर, जाळे, लाट किंवा माणसाचा पाय लागून फांदी तुटते. ही जखम दिसायला भयंकर, परंतु परिसर चांगला असल्यास भरून येणारी असते.

दुसरा प्रकार विरंजनाचा. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखाद्या अंशाने जरी वाढले व काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. उष्णता वेळेवर ओसरली तर शैवाल परत वाढते. न ओसरली तर उपासमारीने तो मरतो. १९९८, २०१०, २०१६ व २०२४ या वर्षी लक्षद्वीपच्या प्रवाळांवर असे संकट आले.

तिसरा प्रकार मांस गळण्याचा. बुडापासून किंवा टोकापासून सजीव आवरण सुटत जाते व खालचा पांढरा चुना उघडा पडतो. दूषित पाणी, रोग, एकाएकी झालेला बदल अथवा शेजारच्या प्रवाळाचा दंश ही त्याची कारणे असू शकतात.

काचेच्या पेटीतील शुश्रूषा

काही देशांत शेतीसारखे वाढविलेले प्रवाळ विकत मिळतात, व तेथे काचेच्या लहान पेटीत ते पाळण्याचा छंद पुष्कळांस असतो. आजारी प्रवाळाची शुश्रूषा कशी करतात, हे या छंदातून फार स्पष्टपणे शिकता येते. कारण पेटी हा समुद्राचा लहानसा नमुनाच असतो. पुढील पायऱ्या शिक्षकाने क्रमाने समजावून द्याव्यात.

(१) प्रथम मोजावे, मग उपचार करावा. पाण्याचे तापमान २५ ते २६ अंश सेल्सियस, क्षारता हजारी ३५ भाग, सामू सुमारे ८.१ ते ८.३ व कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे. चुना बांधण्यास लागणाऱ्या कार्बोनेटांचाही साठा पुरेसा असावा लागतो. प्रवाळ फिका पडला म्हणून घाईने औषध ओतणारा मनुष्य, नाडी न पाहता काढा देणाऱ्या वैद्यासारखा होय.

(२) बदल एका वेळी एकच व सावकाश करावा. बिघडलेले पाणी एकदम बदलले तर तो धक्काच प्रवाळास मारतो. दर आठवड्यास दहा ते वीस टक्के पाणी, त्याच क्षारतेचे व त्याच तापमानाचे करून, बदलणे हा सुरक्षित मार्ग आहे.

(३) प्रकाश कमी करावा. शैवाल गमावलेल्या प्रवाळास प्रखर प्रकाश सोसत नाही. त्यास पेटीच्या खालच्या, सावलीच्या बाजूस ठेवून काही आठवड्यांत हळूहळू उजेडाकडे आणतात. लागणीनंतर रोपांवर सावली धरावी, तसेच हे आहे.

(४) पाणी हलते ठेवावे. मंद प्रवाहाने प्राणवायू पोचतो व अंगावरील मळ वाहून जातो. प्रवाहाचा झोत मात्र जखमेवर थेट येऊ देऊ नये.

(५) गळणारा भाग वेगळा करावा. मांस गळतच राहिले तर धारदार कात्रीने निरोगी भाग, थोडा निरोगी कडेचा पट्टा सोडून, कापून घेतात. आयोडीनच्या सौम्य द्रावणात काही मिनिटे बुडवितात आणि चुन्याच्या किंवा चिनीमातीच्या लहान चकतीवर चिकटवितात. उसाचे कांडे लावून नवा ऊस धरावा, तसा हा तुकडा नव्या वसाहतीचे बीज होतो. अमेरिकेत फ्लोरिडा येथील शास्त्रज्ञ डेव्हिड व्हॉन यांच्या हातून प्रवाळ हलविताना त्याचा भाग मोडला व टाकीच्या तळाशी थोडे जीव चिकटून राहिले. ते मरतील असे त्यांस वाटले होते. परंतु ते नेहमीपेक्षा अनेक पट वेगाने वाढले. या अपघातातूनच प्रवाळाचे अगदी लहान तुकडे करून वाढविण्याची पद्धत निघाली.

(६) तांबे दूर ठेवावे. माशांच्या काही औषधांत तांबे असते. माशास उपकारक ठरणारी ती मात्रा प्रवाळास विष ठरते. तांब्या-पितळेच्या भांड्यातील पाणीही त्यास देऊ नये.

(७) वाट पाहावी. भरीव गोलसर प्रवाळ वर्षात सेंटिमीटरभराच्या आसपास वाढतो. फांद्यांचे प्रवाळ त्याहून लवकर वाढतात. म्हणून सुधारणा दिवसांत नव्हे, आठवड्यांत व महिन्यांत मोजावी. शुंडके पुन्हा बाहेर येणे, रंग परतणे व उघड्या चुन्यावर कडेने मांस सरकू लागणे, ही बरे होण्याची चिन्हे आहेत. रोज उचलून पाहिल्यास जखम भरत नाही. काळजी घेणे म्हणजे सतत हात लावणे नव्हे, हे मुलांनी येथे विशेष ध्यानात घ्यावे.

गणिताशी सांगड

पेटी जितकी लहान तितकी ती नाजूक. हे गणिताने सिद्ध करून दाखवावे. एका पेटीत ४० किलोग्रॅम समुद्राचे पाणी आहे व क्षारता हजारी ३५ आहे. तर क्षार किती? १,४०० ग्रॅम. दहा दिवसांत ४ किलोग्रॅम पाणी वाफ होऊन गेले. वाफेबरोबर मीठ जात नाही, हे मिठागर पाहिलेल्या मुलास सांगावे लागत नाही. आता ३६ किलोग्रॅम पाण्यात तेच १,४०० ग्रॅम क्षार राहिले, म्हणजे क्षारता हजारी ३८.९ झाली.

पुढे विचारावे : उणे पडलेले पाणी कोणत्या पाण्याने भरावे? बहुतेक मुले "समुद्राच्या पाण्याने" असे म्हणतील. त्यांना करून पाहू द्यावे. ४ किलोग्रॅम समुद्राच्या पाण्यात १४० ग्रॅम क्षार, एकूण १,५४० ग्रॅम, क्षारता ३८.५. पुढील दहा दिवसांनी पुन्हा तसेच केले, तर एकूण १,६८० ग्रॅम व क्षारता ४२. गोड्या शुद्ध पाण्याने भरले तर मात्र ती परत ३५ वर येते. प्रेमाने केलेली चूकही जीव घेऊ शकते, हे या तीन ओळींच्या हिशेबातून मुलांस जितके पटते, तितके तासभर उपदेश करूनही पटत नाही. तेवढेच ४ किलोग्रॅम पाणी ४०० किलोग्रॅमच्या टाकीतून गेले तर क्षारता ३५.४ च्या वर जात नाही. समुद्र एवढा स्थिर का, आणि बाटली एवढी घातक का, हे येथे उघड होते.

त्यात भिवंडीच्या वैशाखातील दुपारची उष्णता व मधूनच खंडित होणारा वीजपुरवठा यांचा विचार करण्यास सांगावे. पंप थांबला, पाणी तापले, प्राणवायू कमी झाला, तर लहान पेटीत काही तासांतच अनर्थ होतो.

समुद्रातील शुश्रूषा

जे पेटीत करतात तेच मोठ्या प्रमाणावर समुद्रातही करतात. तामिळनाडूच्या मन्नार आखातात २००२ सालापासून प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या आधारांवर बांधून पुन्हा लावण्यात येत आहेत. गुजरातेत कच्छच्या आखातात मिठापूरजवळ २०२० च्या जानेवारीत भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाने आणखी एक प्रयोग सुरू केला. पाण्यात लोखंडी सांगाडा ठेवून त्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात; त्यामुळे सांगाड्यावर खनिजांचा थर बसतो व त्यावर बांधलेल्या तुकड्यांस आधार मिळतो.

मुंबईचे उदाहरण सर्वांत जवळचे. सागरी किनारा रस्त्याच्या कामाच्या आड येणाऱ्या, वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या वसाहती २०२० च्या नोव्हेंबरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने उचलून दुसऱ्या सुरक्षित जागी नेण्यात आल्या. त्यासाठी आधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या महानगराचे काम चार-दोन हातांच्या खडकावरील बोटाएवढ्या जीवांसाठी विचार करण्यास थांबते, ही गोष्ट मुलांस सांगण्यासारखी आहे.

मात्र एक मर्यादा स्पष्ट करावी. तुकडे लावून मोडतोड भरून काढता येते; तापलेला समुद्र त्याने थंड होत नाही. रोग्याची खोलीच पेटलेली असेल तर नुसत्या मलमपट्टीने काय होणार? समुद्र तापण्याचे मुख्य कारण कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेत साठणारा कर्बवायू होय. त्यातील काही भाग समुद्राच्या पाण्यात विरघळून त्याचा सामूही उतरवितो. औद्योगिक युगाच्या आरंभापासून तो सुमारे ८.२ वरून ८.१ पर्यंत आला आहे. आकडा लहान दिसला तरी चुन्याचे घर बांधणाऱ्यास तो लहान नाही.

कायद्याची माहिती

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. वाघास जे संरक्षण, तेच प्रवाळास. ते तोडणे, बाळगणे, विकणे हा अपराध असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. मृत तुकडाही यातून सुटत नाही. म्हणून आपल्याकडे प्रवाळ घरी किंवा शाळेत पाळण्याचा विचार करू नये, व शाळेच्या संग्रहासाठी ते जमवू नयेत. सहलीस निघण्यापूर्वीच मुलांस हे सांगावे. अजाणतेपणी कोणी तुकडा आणलाच, तर त्यास चारचौघांत अपमानित करू नये. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयास कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे करावे.

वर्गातील प्रयोग

प्रवाळाविना हा पाठ प्रयोगांसह घेता येतो.

(अ) अंड्याचे कवच किंवा चुन्याचा खडू नव्हे, तर किनाऱ्यावरील साधा शिंपला काचेच्या पेल्यात घेऊन त्यावर लिंबाचा रस अथवा शिरका घालावा. बुडबुडे निघतात. तो वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यास निवळी दुधाळ होते. आम्लाने चुना झिजतो, हे मुले डोळ्यांनी पाहतात. शिंपला न मिळाल्यास अंड्याचे कवच चालेल.

(आ) दोन सारख्या थाळ्यांत सारखेच मिठाचे पाणी घ्यावे. एकीत रोज उणे पडेल तेवढे गोडे पाणी, दुसरीत मिठाचे पाणी भरावे. आठवड्यानंतर दोन्ही पाण्यांत एकच लॅक्टोमीटर सोडून तो कोठवर बुडतो ते पाहावे. दूध संकलन केंद्रावरील हे साधन गावात सहज उपलब्ध होते.

(इ) पानफुटीचे पान ओल्या मातीवर ठेवून त्याच्या कडेने फुटणारी रोपे रोज वहीत नोंदवावीत. तुकड्यापासून पूर्ण जीव कसा होतो, हे समजण्यास याहून सोपे साधन नाही. मात्र पानफुटी ही वनस्पती व प्रवाळ हा प्राणी, हा भेद विसरू देऊ नये.

उपयोजन

ओढ्यात टाकलेला कचरा व कारखान्याचे सांडपाणी नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. आपल्या गावाच्या ओढ्यापासून समुद्रापर्यंतच्या वाटेचा नकाशा विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा व त्या वाटेवर पाण्यात काय मिसळते याची यादी त्यांनीच करावी.

प्रश्न

१. पांढरा पडलेला प्रवाळ व मेलेला प्रवाळ यांत फरक काय?
२. पेटीतील उणे पडलेले पाणी गोड्या पाण्याने का भरावे? उदाहरणाने सिद्ध करा.
३. आजारी प्रवाळास प्रथम औषध न देता प्रथम मोजमाप का करावे?
४. समुद्रात प्रवाळाचे तुकडे लावणे उपयुक्त असूनही पुरेसे का नाही?

समारोप

शेवटी बाटली आणणाऱ्या मुलाच्या प्रश्नाकडे परत यावे. "हे बरे होईल का?" या प्रश्नास शिक्षकाने खोटे उत्तर देऊ नये. त्या बाटलीतील तुकडा आता बरा होणार नाही. त्यास लागणारे पाणी, प्रकाश व स्थैर्य बाटलीत देता येत नाही. परंतु ज्या खडकावरून तो मोडला, तेथे उरलेल्या जिवंत भागाची जखम भरून येऊ शकते, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीत कोणी तिला हात लावला नाही तर ती भरून येण्याचा संभव पुष्कळ आहे. हे शांतपणे सांगावे. मग त्याच मुलास पुढील सहलीच्या वेळी किनाऱ्यावर इतरांना समजावून सांगण्याचे काम द्यावे. ज्याच्या हातून चूक घडली तोच उत्तम राखणदार होतो, असा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.